‘चाचणी यशस्वी’ म्हटल्यानंतरचे अठरा तास

वेब सर्व्हरच्या कॉन्फिग (म्हणजे सेटिंगच्या) फाइलमध्ये एक ओळ बदलली, तपासणी बिनतक्रार पार पडली, आणि तरीही दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्या साइटवर मोठी कागदपत्रे चढत नव्हती. त्या प्रसंगाची ही नोंद आहे. मी त्या चमूत होतो आणि चुकीत माझाही वाटा आहे; तो जागोजागी येईलच. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. फाइलींमधले शब्द आणि आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. प्रत्यक्ष फाइलीत त्या रोमन लिपीत असतात.

पार्श्वभूमी

संस्था ऑनलाइन अर्ज घेते. अर्जासोबत स्कॅन केलेली कागदपत्रे जोडावी लागतात, म्हणून अपलोडची मर्यादा २५ एमबी ठेवलेली. पुढच्या बाजूला येणाऱ्या विनंत्या आधी घेणारा एक एंजिनएक्स वेब सर्व्हर, त्याच्यामागे अर्जाचे सॉफ्टवेअर. त्याच मशीनवर आणखी चार छोट्या साइट नांदत होत्या. मांडणी डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) पद्धतीची: सगळ्या साइटच्या फाइली ‘साइट्स-अव्हेलेबल’मध्ये, आणि चालू असलेल्यांच्या लिंक ‘साइट्स-एनेबल्ड’मध्ये.

काम पाहणारे आम्ही तिघे. एक वरिष्ठ, ज्यांनी हा सर्व्हर मुळात उभा केला. दुसरा मी. आणि तिसरी, काही महिन्यांपूर्वी आलेली नवी सहकारी.

एक जुनी गोष्ट आधीच सांगून टाकतो, कारण ती पुढे अंगाशी आली. बऱ्याच महिन्यांपूर्वी अर्जाच्या साइटची फाइल बदलताना मी तिची एक प्रत काढून ठेवली होती, नावाला ‘.ओल्ड’ असे शेपूट लावून. ती ठेवली नेमकी ‘साइट्स-एनेबल्ड’मध्येच. डेबियनच्या मांडणीत एंजिनएक्स त्या फोल्डरातली प्रत्येक फाइल वाचतो. शेपूट काय आहे ते तो पाहत नाही. (शेजारच्या ‘कॉन्फ.डी’ फोल्डरात मात्र ‘.कॉन्फ’ने संपणाऱ्या फाइलीच वाचल्या जातात. त्यामुळे दोन्ही फोल्डर हाताळणाऱ्याची फसगत ठरलेलीच.) तेव्हापासून प्रत्येक तपासणीत दोन इशारे येत: अमुक सर्व्हर नाव दोनदा आले आहे, दुसऱ्याकडे दुर्लक्ष केले आहे. फाइली वर्णानुक्रमे वाचल्या जातात, खरी फाइल आधी येते आणि तीच जिंकते, म्हणून बिघडत काहीच नव्हते. बिघडत नाही म्हणून कोणी ती प्रत हलवलीही नाही. तिघांच्याही डोळ्यांना त्या दोन ओळींची सवय झाली होती.

केलेला बदल

अर्जाच्या साइटला एक नवे, सुटसुटीत नाव मिळणार होते. नाव डीएनएसमध्ये (नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेत) लागले होते, साइटच्या सुरक्षा प्रमाणपत्रातही आले होते. उरले होते एवढेच, की एंजिनएक्सच्या ‘सर्व्हर_नेम’ या ओळीत ते नाव घालायचे.

नव्या सहकारीने हे संध्याकाळी सहाच्या सुमारास केले. नावांची यादी वरिष्ठांनी निरोपात पाठवली होती. तिने फाइल उघडली, जुनी नावे ओळीच्या टोकापर्यंत निवडली आणि त्यांच्या जागी नवी यादी चिकटवली. बदललेली ओळ मला पाठवून विचारले, “बरोबर आहे का?” मी तिन्ही नावांचे स्पेलिंग अक्षर न् अक्षर तपासले आणि “बरोबर” म्हणालो.

मग ‘एंजिनएक्स -टी’, म्हणजे कॉन्फिग तपासण्याची आज्ञा. नेहमीचे दोन इशारे, आणि त्याखाली नेहमीच्याच दोन ओळी: सिंटॅक्स इज ओके, टेस्ट इज सक्सेसफुल. रीलोड केले, म्हणजे सर्व्हर बंद न करता त्याला नवी कॉन्फिग वाचायला लावली. नव्या नावाने साइट उघडली, कुलूपचिन्ह दिसले, एक पानी पीडीएफ जोडून पाहिली, ती गेली. एरर लॉगमध्ये, म्हणजे चुकांच्या नोंदींत, नवे काही नाही. काम संपले म्हणून सगळे घरी.

या टप्प्यावर कोणी काही हलगर्जीपणे केले असे मला आजही वाटत नाही. बदल दुसऱ्याला दाखवला, तपासणी चालवली, रीस्टार्ट न करता रीलोड केले, नंतर साइट वापरून पाहिली. पुस्तकात सांगतात ते सगळे झाले होते.

तक्रारी

दुसऱ्या दिवशी सकाळी मदतकक्षाकडे निरोप येऊ लागले. एकाला “काहीतरी चुकले, पुन्हा प्रयत्न करा” असे दिसत होते. दुसऱ्याचे पान मध्येच तुटत होते. तिसऱ्याला आकडा दिसला होता, ४१३. आणि बऱ्याच जणांचे अर्ज त्याच वेळी व्यवस्थित जात होते.

मदतकक्षाने जे नेहमी सांगतात तेच सांगितले: ब्राउझर बदलून पाहा. त्यांचा दोष नाही. तक्रारींमध्ये समान धागा दिसत नव्हता, कारण एकच चूक तीन चेहऱ्यांनी समोर येत होती. पाठवलेला मजकूर मर्यादेपेक्षा मोठा असेल तर एंजिनएक्स ४१३ उत्तर देतो, पण ब्राउझर ही चूक नीट दाखवू शकत नाहीत, असे त्याच्या अधिकृत दस्तऐवजातच लिहिलेले आहे. आमच्या अर्जातल्या स्क्रिप्टने तर कुठलीही चूक आली की एकच गुळमुळीत वाक्य दाखवायचे, अशी व्यवस्था होती.

पहिला निर्णायक प्रश्न मदतकक्षातल्याच एकाने विचारला: “ज्यांचे जात नाही, त्यांच्या फाइली केवढ्या आहेत?” दहा मिनिटांत उत्तर आले. मोबाइलने फोटो काढून जोडणारे अडकत होते, छोटी पीडीएफ जोडणारे सुटत होते. आदल्या संध्याकाळी आम्ही जोडून पाहिलेली फाइल एक पानी होती.

एरर लॉग उघडला तेव्हा सगळे तिथे होतेच: ‘क्लायंट इंटेंडेड टू सेंड टू लार्ज बॉडी: ३९१४७५२ बाइट्स’. अशा ओळींची रांग लागली होती, आणि तिची सुरुवात आदल्या संध्याकाळच्या रीलोडनंतर काही मिनिटांतच होत होती. आम्ही रीलोडनंतर लॉग पाहिला होता, पण लगेच, आणि एकदाच.

चकवा

३९ लाख बाइट म्हणजे चार एमबीसुद्धा नाही. मर्यादा २५ची. फाइल उघडली, ‘क्लायंट_मॅक्स_बॉडी_साइझ २५एम’ ही ओळ जागच्या जागी. ग्रेप (फाइलीत मजकूर शोधणारी आज्ञा) मारला, ओळ सापडते. ‘एंजिनएक्स -टी’ म्हणतो सगळे ठीक.

इथून पुढचे दोन तास कसे गेले ते सविस्तर सांगण्यासारखे आहे, कारण त्या काळात उचललेले प्रत्येक पाऊल सुटे पाहिले तर शहाणपणाचेच होते.

आधी वरिष्ठांनी २५चे ५० केले आणि रीलोड केले. फरक नाही. यावरून त्यांनी निष्कर्ष काढला की रीलोड लागूच होत नसावे. ही शंका हवेतली नव्हती. रीलोडच्या वेळी मुख्य प्रक्रिया नवी कॉन्फिग वाचते, नवे वर्कर (विनंत्या हाताळणाऱ्या प्रक्रिया) उभे करते आणि जुन्यांना हातातले काम संपवून निघायला सांगते. लांब चालणाऱ्या जोडण्या असतील तर जुने वर्कर बराच वेळ रेंगाळतात आणि त्या जोडण्यांपुरती जुनीच कॉन्फिग चालू राहते. शिवाय नव्या फाइलीत चूक सापडली तर मुख्य प्रक्रिया ती बाजूला ठेवून जुन्यावरच चालत राहते. तेव्हा ‘रीलोड झालेच नाही’ ही परिस्थिती खरोखर उद्भवते.

पण ती शंका तपासायला प्रक्रियांची यादी पुरेशी होती. वर्कर किती वाजता सुरू झाले ते त्यात दिसते, आणि आमचे वर्कर ताजे होते. यादी पाहण्याऐवजी आम्ही थेट रीस्टार्ट केले. ज्यांची अपलोड त्या क्षणी चालू होती, त्यांची तुटली. ज्यांचे काम सुरळीत चालले होते अशा काही जणांनाही आम्ही तक्रारदारांच्या रांगेत आणून बसवले. आणि फरक? काहीच नाही.

मग मागच्या सॉफ्टवेअरची मर्यादा तपासली. वास्तविक एरर लॉगमधली ओळ एंजिनएक्सची स्वतःची होती आणि मागच्या सॉफ्टवेअरच्या लॉगमध्ये या विनंत्यांचा मागमूसही नव्हता. दरवाज्यावरच परत पाठवलेला पाहुणा आतल्या खोलीत शोधण्यासारखे ते होते. त्यात अर्धा तास गेला.

समोरचे पर्याय

अकराच्या सुमारास आम्ही हात थांबवले आणि काय काय करता येईल ते मांडले.

पहिला पर्याय: कालची फाइल परत आणायची. हे सर्वांत सरळ. पण कालची फाइल म्हणजे नेमकी कोणती? जुनी प्रत होती ती कित्येक महिन्यांपूर्वीची. कालच्या बदलाआधीची प्रत कोणी काढलीच नव्हती, कारण बदल ‘एका ओळीचा’ होता. हाताने ओळ मागे नेली असती, तर नव्या नावाने येणाऱ्यांना कुठलाच जुळणारा ब्लॉक (एका साइटच्या सूचनांचा गट) मिळाला नसता. अशा वेळी एंजिनएक्स त्या पोर्टवरच्या डीफॉल्ट ब्लॉककडे विनंती देतो. डीफॉल्ट म्हणून कोणी नेमलेला नसेल तर जो पहिला वाचला गेला तो. आमच्याकडे तो एका भलत्याच साइटचा होता. नवे नाव सूचनापत्रकांवर छापून गेले होते, म्हणून हा पर्याय कोणालाच रुचला नाही. आता वाटते, तो घ्यायला हवा होता: नव्या नावापुरती गैरसोय पत्करून जुन्या नावांचे अपलोड लगेच सुरू झाले असते, आणि पुढचा शोध निवांत घेता आला असता.

दुसरा पर्याय: मर्यादा एक पायरी वर, ‘एचटीटीपी’ स्तरावर, म्हणजे सगळ्या साइटना लागू होईल अशी लिहायची. झटपट होते. तोटा हा की बाकीच्या चार साइटनाही २५ एमबी मोकळे होते, ज्याची त्यांना गरज नव्हती.

तिसरा: कारण सापडेपर्यंत काहीच हलवायचे नाही. हा वरिष्ठांनी एका वाक्यात निकालात काढला, आणि तिथे त्यांचे बरोबर होते.

दुसरा निवडला. ‘एचटीटीपी’ स्तरावर २५एम लिहिले, तपासणी, रीलोड. चार एमबीची फाइल गेली. बाराला काही मिनिटे कमी होती. सगळ्यांनी सुस्कारा सोडला, आणि मी मदतकक्षाला “झाले” असा निरोपही पाठवला.

उपाय चालला, पण का चालला?

प्रकरण तिथेच मिटले असते. अनेक ठिकाणी ते तिथेच मिटते, हे मी अनुभवाने सांगू शकतो. नवी सहकारी मात्र स्क्रीनसमोरून उठली नाही.

“पण सर,” ती वरिष्ठांना म्हणाली, “आत ५० लिहिलेले आहे. मग बाहेर २५ लिहून फरक कसा पडला?”

प्रश्न साधा आहे, पण नीट पाहिला तर त्यात सगळे उत्तर आहे. एंजिनएक्समध्ये बाहेरच्या स्तरावरचे मूल्य आत झिरपते ते आत स्वतःचे मूल्य नसेल तरच. आत असेल तर बाहेरच्याला कोणी विचारत नाही. साइटच्या ब्लॉकमध्ये ५० जिवंत असते, तर बाहेर काहीही लिहिले असते तरी कणभर बदल व्हायला नको होता. उपाय चालला, याचा अर्थ आतली ओळ मेलेली होती. आणि मेलेली होती म्हणूनच आधी मर्यादा १ एमबी लागत होती. कुठेच काही लिहिले नसेल तर एंजिनएक्स १ एमबी धरतो.

तिने आणखी एक खात्री केली: ३० एमबीची फाइल पाठवली. ती नाकारली गेली. ५०ची ओळ कामाची असती तर ती जायला हवी होती.

मग तिने जे केले ते मी तेव्हापासून कित्येकदा वापरले आहे. त्या ओळीतले ५०एम खोडून तिथे ‘गडबड’ असा शब्द लिहिला आणि फक्त तपासणी चालवली, रीलोड नाही. एंजिनएक्स ती ओळ खरोखर वाचत असेल, तर ‘इनव्हॅलिड व्हॅल्यू’ म्हणून त्याने ओरडायलाच हवे. त्याने शांतपणे सांगितले: टेस्ट इज सक्सेसफुल.

एक सावधगिरी इथे नोंदवतो. हा प्रयोग तिने चालू सर्व्हरच्या खऱ्या फाइलीवर केला आणि मी शेजारी उभा राहून घाबरलो होतो. डिस्कवर अर्धवट बदललेली फाइल पडून असणे म्हणजे भरलेली बंदूक टेबलावर ठेवणे. आमच्याकडे प्रमाणपत्रांचे नूतनीकरण पाहणारे काम दिवसातून दोनदा आपोआप चालते आणि नवे प्रमाणपत्र आले की रीलोड करते. तुम्ही केले नाही म्हणून रीलोड होणार नाही असे नाही. फाइल खरोखर चुकीची असती आणि त्याच वेळी मशीन बंद पडून पुन्हा सुरू झाले असते, तर एंजिनएक्स उभाच राहिला नसता. दुसऱ्या फोल्डरात प्रत करून ‘-सी’ने (दुसरी कॉन्फिग फाइल दाखवणाऱ्या पर्यायाने) तपासतो म्हणावे, तर मुख्य फाइलीतल्या, इतर फाइली ओढून घेणाऱ्या ‘इन्क्लूड’ ओळींमध्ये पूर्ण पत्ते असतात, आणि प्रत तपासताना शेवटी मूळ फोल्डरातल्याच फाइली वाचल्या जातात. असा प्रयोग वेगळ्या मशीनवर किंवा कंटेनरमध्ये करावा.

कारण

आता ओळ कुठे मेली ते शोधायचे होते, आणि मेलेल्या ओळीच्या लगेच वर पाहिले की झाले (आकार इथे मूळचाच लिहिला आहे):

सर्व्हर_नेम जुने-नाव डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-जुने-नाव नवे-नाव
क्लायंट_मॅक्स_बॉडी_साइझ २५एम;

पहिल्या ओळीच्या शेवटी अर्धविराम (;) नाही. नावे निवडताना तो निवडीत आला आणि चिकटवलेल्या यादीत तो नव्हता.

अर्धविराम राहिला तर तपासणीत सापडतो, अशी आमची सगळ्यांची समजूत होती, आणि बहुतेक वेळा ती खरीही ठरते. एंजिनएक्सला नवी ओळ म्हणजे निव्वळ मोकळी जागा. सूचना संपते ती अर्धविरामाने. तो नसेल तर पुढच्या ओळीतले शब्द आधीच्या सूचनेचेच शब्द म्हणून धरले जातात. बहुतेक सूचनांना किती शब्द चालतात ते ठरलेले असते. जास्त झाले की ‘इनव्हॅलिड नंबर ऑफ आर्ग्युमेंट्स’ म्हणून गाडी अडते. पण ‘सर्व्हर_नेम’ला कितीही नावे चालतात. त्यामुळे एंजिनएक्सच्या लेखी आमच्या साइटला पाच नावे होती: तीन खरी, चौथे ‘क्लायंट_मॅक्स_बॉडी_साइझ’ आणि पाचवे ‘२५एम’. नंतर ‘५०एम’, आणि काही मिनिटांपुरते ‘गडबड’. त्या नावांनी कोणी विचारत आले असते, तर साइटने त्यांचे स्वागतही केले असते.

‘इंडेक्स’ आणि ‘ट्राय_फाइल्स’ यांचीही गत अशीच आहे. कितीही शब्द गिळणाऱ्या सूचना त्या.

यातला सगळ्यात बोचरा भाग वेगळा आहे. ‘सर्व्हर_नेम’मधल्या एखाद्या नावात तिरकी रेघ दिसली, तर एंजिनएक्स इशारा देतो: या नावात संशयास्पद चिन्हे आहेत. आमच्या फाइलीत ‘सर्व्हर_नेम’च्या खाली ‘रूट’ची ओळ असती, तर तिच्यातल्या फोल्डरच्या पत्त्यामुळे तो इशारा आला असता. नशिबाने खाली आकाराची ओळ होती, म्हणून तोही आला नाही. पण आला असता तरी? रोजच्या दोन इशाऱ्यांत तिसरा. शेवटी ‘सक्सेसफुल’ हा शब्द तसाच, आणि आज्ञेचा एक्झिट कोडही शून्यच, म्हणजे ‘पास’च, कारण इशाऱ्यांमुळे तपासणी नापास होत नाही. मी ठेवलेल्या त्या जुन्या प्रतीने काही मोडले नव्हते, हे खरे. तिने आमचे पाहणे मोडले होते.

तपासणी कुचकामी आहे असे यावरून म्हणू नये. ‘-टी’ व्याकरणापेक्षा बरेच जास्त पाहते: प्रमाणपत्राच्या फाइली उघडते, लॉग उघडता येतात का पाहते, मागच्या सर्व्हरचे नाव सापडते का तेही शोधते. फाइल वाचून सर्व्हर उभा राहील का, या प्रश्नाचे तिचे उत्तर भरवशाचे आहे. लिहिणाऱ्याच्या मनात काय होते, हे मात्र तिला कोणी सांगितलेले नसते. ‘-टी’ऐवजी मोठ्या लिपीतला ‘-टी’ वापरला तर सगळ्या फाइलींचा मजकूर सलग छापून मिळतो. आम्ही तोही पाहिला होता. पण तो मजकूर जसा लिहिला तसाच छापतो. एंजिनएक्सने त्याचा काय अर्थ लावला ते त्यात दिसत नाही. ग्रेपला ओळ सापडत होती ती याच कारणाने.

जाता जाता: अपाची या दुसऱ्या वेब सर्व्हरमध्ये ही विशिष्ट चूक होणार नाही, कारण तिथे ओळ संपली की सूचना संपते. पण त्याचे स्वतःचे आंधळे कोपरे आहेत. ‘कॉन्फिगटेस्ट’ मुख्य फाइली तपासते. फोल्डराफोल्डरात पडलेल्या ‘.एचटीअ‍ॅक्सेस’ फाइली तपासत नाही, कारण त्या प्रत्येक विनंतीच्या वेळी वाचल्या जातात. तिथली चूक पहिल्या पाहुण्यालाच ५०० (सर्व्हरमधली चूक) होऊन दिसते.

नंतर काय केले

अर्धविराम घालणे आणि आकार पुन्हा २५एम करणे हे दहा सेकंदांचे काम होते. ते झाल्यावर ३० एमबीची फाइल अपेक्षेप्रमाणे नाकारली गेली आणि २० एमबीची गेली.

अर्जदारांचे काय, हा प्रश्न त्याहून मोठा होता. अ‍ॅक्सेस लॉगमधून ४१३च्या सगळ्या ओळी काढल्या. त्यावरून विनंत्या किती नाकारल्या ते कळले. पण एकाच माणसाने पाचदा प्रयत्न केला की पाच जणांनी एकेकदा, हे सांगता येत नव्हते, आणि कंटाळून निघून गेले ते कोण हे तर मुळीच नाही. संस्थेने अर्जाची मुदत एक दिवसाने वाढवली आणि ज्यांचे अर्ज अर्धवट जतन झाले होते त्यांना कळवले. रीस्टार्टमुळे तुटलेल्यांचा उल्लेख त्या निरोपात नव्हता. असायला हवा होता.

सर्व्हरच्या बाजूने आधी ती ‘.ओल्ड’ प्रत हलवली. मीच हलवली. तपासणीच्या निकालात आता एकही इशारा उरला नाही, आणि तसे झाल्यावरच आम्ही नियम केला की इशारा म्हणजे नापास. एक छोटी स्क्रिप्ट ‘-टी’चा सगळा मजकूर पकडते, त्यात ‘वॉर्न’ दिसले की रीलोड करायला नकार देते. कॉन्फिगचे फोल्डर गिटमध्ये (बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या साधनात) घातले, खासगी किल्ल्या वगळून. यामुळे ‘कालची फाइल कोणती’ हा प्रश्न मिटला. शिवाय आता बदल पाहणाऱ्याला ओळीचा आधीचा आणि नंतरचा चेहरा एकाखाली एक दिसतो. मी फक्त नंतरचा पाहिला होता. दोन्ही समोर असते तर टोकाचा अर्धविराम गेलेला दिसला असता, असे मला बरेचसे वाटते. पण छातीठोकपणे सांगणार नाही.

सगळ्यात उपयोगी ठरली ती मांडणीतली एक सवय. ‘सर्व्हर_नेम’ आता आम्ही एका ओळीत एक नाव असे लिहितो आणि अर्धविराम शेवटी एकटा, स्वतःच्या ओळीवर ठेवतो. दिसायला विचित्र आहे. पण नाव घालताना किंवा काढताना अर्धविरामाला हात लागत नाही.

आणि रीलोडनंतरची चाचणी. पूर्वी ती ‘पान उघडते का’ एवढीच होती. आता कर्लच्या (वेब विनंत्या पाठवणाऱ्या आज्ञेच्या) मदतीने प्रत्येक नावावर तीन विनंत्या जातात: मुखपृष्ठ, मर्यादेच्या थोडी आतली फाइल, आणि मर्यादेबाहेरची फाइल. तिसरी नाकारली गेली तरच चाचणी पास. मर्यादा गायब झाली आणि सगळेच आत जाऊ लागले, तर तेही कळायला हवे, कारण तशी तक्रार घेऊन कोणी येत नाही. डीएनएस लागण्याआधीच नवे नाव तपासायचे असेल तर कर्लचा ‘रिझॉल्व्ह’ पर्याय कामाला येतो. नाव आणि आयपी हाताने जुळवून देता येतात.

वेगळे काय करता आले असते

रीस्टार्ट टाळायला हवे होते. रीलोड लागू झाले की नाही हे पाहण्याचा बिनधोक मार्ग हाताशी होता.

फाइल मागे नेण्याबद्दल वर लिहिलेच आहे. त्यात भर एवढीच, की त्या वेळी आम्ही ‘बदल आणि बिघाड यांचा संबंध दिसत नाही’ म्हणून मागे जायला तयार नव्हतो. नाव वाढवल्याने आकाराची मर्यादा कशी घटेल? संबंध तर्काने दिसत नव्हता, पण घड्याळाने दिसत होता: एरर लॉगमधली पहिली ओळ रीलोडनंतरची होती. तर्क आणि घड्याळ यांचे जमले नाही तेव्हा आम्ही तर्काची बाजू घेतली.

वरिष्ठांचे मत अजूनही थोडे वेगळे आहे. त्यांच्या मते ‘एचटीटीपी’ स्तरावरचा उपाय योग्यच होता, कारण लोकांचे काम सुरू झाले. कारण शोधायला दुपार पडली होती. मला ते पटते, फक्त एका अटीवर: उपाय लावताना तो कधी काढायचा हेही त्याच वेळी लिहून ठेवले पाहिजे. आम्ही ते लिहिले नाही.

ती तात्पुरती ओळ आठवड्याभराने आठवली आणि काढली. दुसऱ्याच दिवशी शेजारच्या एका छोट्या साइटवाल्यांचा निरोप आला की त्यांच्या फाइली अचानक चढेनाशा झाल्या आहेत. मधल्या काळात त्यांना मोठ्या फाइली जातात असे आढळले होते आणि त्यांनी आपले कामच त्यावर बेतले होते. त्यांना किती लागते ते विचारले, त्यांच्या ब्लॉकमध्ये ५एम लिहिले, वर टीप म्हणून कारण आणि तारीख टाकली, आणि या वेळी रीलोडआधी ओळीच्या टोकावर बोट ठेवून पाहिले.